मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर आहे. जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पहिल्यांदा या मार्गावर निघाले तेव्हाही हे अंतर तेवढेच होते. त्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाला चार पंख्यांची इंजिने होती आणि वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत त्याने लंडन गाठले. त्या वळणाच्या मार्गावर नुसत्या उडण्यातच सोळा-एक तास जात, थांब्यांचा वेळ वेगळा. आज तोच प्रवास न थांबता साधारण साडेनऊ ते दहा तासांत होतो आणि परतीचा नऊ तासांच्या आसपास. म्हणजे जायला लागतो तेवढा वेळ यायला लागत नाही. जानेवारीतली वेळ जुलैत राहत नाही आणि मधल्या एखाद्या देशात युद्ध पेटले की दोन्ही दिशांच्या वेळा बदलतात. दोन विमानतळांमधले अंतर भूमिती ठरवते. वेळ ठरवताना मात्र वारा, देशांच्या सीमा, धावपट्टीवरची रांग आणि इंधनाचा हिशेब या साऱ्यांचा वाटा असतो.

अंतर मोजायचे म्हणजे आधी ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’ हे ठरवावे लागते. शहरांच्या नावांवर हे भागत नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू अधिकृतपणे नोंदलेला असतो. तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. सगळे हवाई अंतर या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत. ‘मुंबई ते गोवा हवाई अंतर किती?’ या प्रश्नाला म्हणूनच आज दोन उत्तरे आहेत. दाबोळीपर्यंत सुमारे ४२५ किलोमीटर, तर जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतुकीला खुल्या झालेल्या मोपापर्यंत सुमारे ३८५. गोवा तोच, पण उत्तरेकडच्या पेडण्यात उतरायचे की दक्षिणेला वास्कोजवळ, यावर चाळीसेक किलोमीटरचा फरक पडतो.

दोन बिंदू मिळाले की त्यांच्यामधली सर्वांत छोटी रेघ शोधायची. कागदावर ती पट्टीने आखता येते, गोलावर येत नाही. घरात शाळकरी मुलाचा पृथ्वीगोल असेल तर एक शिवणाचा दोरा घ्यावा. त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर बोटाने दाबून धरावे आणि दोरा ताणावा. सैल दोरा आधी इकडेतिकडे सरकतो आणि पुरता ताणला गेला की एका जागी स्थिर होतो. ती स्थिर झालेली रेघ म्हणजेच सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच आहे, असे पृथ्वीवरचे कोणतेही वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्यातले एक, आणि एकमेकांसमोरची दोन रेखावृत्ते जोडली तरी एक बृहद्वृत्त पुरे होते.

दोऱ्याकडे जरा निरखून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. भिंतीवरच्या नकाशात लंडन मुंबईच्या डावीकडे बरेच लांब आणि थोडे वर दिसते. जहाजांसाठी पूर्वापार वापरात असलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबईहून लंडनला सरळ रेघ मारली, तर ती उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ६१ अंश कललेली येते. ताणलेला दोरा मात्र मुंबईतून निघताना उत्तरेपासून फक्त ४१ अंश कललेला असतो, म्हणजे जवळजवळ कराचीच्या दिशेने. पुढे तो हळूहळू पश्चिमेकडे वळत जातो. नकाशावरच्या सरळ रेघेने गेल्यास अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर भरते. वाकडा वाटणारा मार्गच दोनशे किलोमीटरने जवळचा आहे. आसनासमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो, तो सपाट पडद्यामुळे. विमान वळसा घालत नसते, गोल पृथ्वी सपाट करून दाखवताना नकाशाच ती रेघ वाकवतो.

दोऱ्याची लांबी आकड्यांत काढायला त्रिकोणमिती लागते आणि तिथे एक जुना भारतीय धागा सापडतो. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्या’ची कोष्टके दिली. ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीब’ म्हणून गेला, तिथे ‘जैब’ असा वाचला गेला आणि लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सायनस’ झाला. आजच्या शाळेतला ‘साइन’ तो हाच. गणित असे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करायचा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा आणि रेखांशांतील फरकाच्या कोसाइनाचा गुणाकार करायचा. दोन्हींची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन ठिकाणांमध्ये होणाऱ्या कोनाचा कोसाइन. मुंबई १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर, ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तरेला आणि शून्य रेखांशाच्या जेमतेम अर्धा अंश पश्चिमेला. पहिला गुणाकार ०.२५६ येतो, दुसरा ०.१६९. बेरीज ०.४२५, आणि तिचा कोन सुमारे ६४.९ अंश.

कोनाचे अंतर करणे याहून सोपे आहे. सागरी मैल हे माप पृथ्वीच्या गोलाईवरूनच बेतलेले आहे. केंद्रापाशी एक अंश म्हणजे पृष्ठभागावर ६० सागरी मैल. वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात, त्याचे मूळ इथे आहे. ६४.९ ला ६० ने गुणले की सुमारे ३,८९० सागरी मैल येतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून उत्तर ७,२१० किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी काटेकोर गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांशी ६,३५७. हा चपटेपणा धरणारी सूत्रे वापरली तर उत्तर काही किलोमीटरांनी इकडेतिकडे होते. विमानातले संगणक तीच सूत्रे वापरतात, पण कागद-पेन्सिलीने काढलेले उत्तरही प्रवाशाला पुरेसे आहे.

आता या रेघेवरून प्रत्यक्ष उडायचे ठरवले तर काय लागते? मुंबई सोडल्यावर ती अरबी समुद्राच्या कडेने कराचीजवळ येते. पुढे बलुचिस्तान, मग इराण ओलांडून कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक. तिथून कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी आणि शेवटी उत्तर समुद्राच्या बाजूने इंग्लंड. गेल्या काही वर्षांच्या बातम्या आठवल्या तर या यादीतली अडचण लगेच कळते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर आपले हवाई क्षेत्र बंद केले आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद राहिले. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. इराण आणि आखातातले आकाशही अधूनमधून अचानक बंद होते. सर्वांत जवळचा मार्ग गणितात अचूक असतो, पण त्याच्या निम्म्या भागावरून जाण्याची परवानगी कुणाच्या तरी हाती असते.

मुंबईला पाकिस्तानच्या बंदीचा फटका बसतो, तरी दिल्लीइतका नाही. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे वळू शकते. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी राजस्थान-गुजरातकडे दक्षिणेला उतरावे लागते आणि मग समुद्र गाठून पश्चिमेचा रस्ता धरावा लागतो. उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना या वळशामुळे इंधन पुरेना आणि वाटेत युरोपात उतरून ते भरून घ्यावे लागले. जगात इतरत्रही हेच घडले आहे. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना सैबेरियाचे आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा नऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी होते. मधला रस्ताच नाहीसा झाला होता.

वाऱ्याची गोष्ट यापेक्षाही लक्ष देण्याजोगी आहे. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पण वेगवान प्रवाह वाहतात. त्यांना झोतवारे किंवा जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, आणि कधी कधी तो तीनशेच्याही पुढे जातो. हिवाळ्यात असा एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून उत्तर भारतावर असतो. विमानाचा स्वतःचा वेग हा हवेच्या तुलनेतला वेग. हवाच चालत असेल तर जमिनीच्या तुलनेतला वेग त्यानुसार वाढतो किंवा घटतो. नदीच्या ओढीत चालणाऱ्या होडीसारखे हे आहे.

हिशेब मांडून पाहावा. अंतर ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर वारा नसताना दोन्ही बाजूंना आठ-आठ तास लागतील. वाटभर ताशी १०० किलोमीटरचा पश्चिम वारा आहे असे समजू. मुंबईहून जाताना वेग उरतो ८०० आणि लागतात नऊ तास. येताना वेग होतो १,००० आणि लागतात सात तास बारा मिनिटे. दोन्ही मिळून सोळा तास बारा मिनिटे. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ घेतला तेवढा येताना परत दिला नाही. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि सुलट्या वाऱ्यात कमी वेळ. वारा स्थिर असेल तर जाऊन-येऊन होणाऱ्या प्रवासात तो कायम तोट्याचाच ठरतो.

वाऱ्याच्या जोरावर काय होऊ शकते याची ठळक नोंद फेब्रुवारी २०२० मधली आहे. सियारा वादळाच्या काळात झोतवारे फार जोरात होते आणि ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. भारतीय उदाहरण याहून बोलके आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिक महासागरावरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. तरीही ते साडेचौदा तासांत पोहोचले, आधीच्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास लवकर. पूर्वेकडे जाताना पाठीशी वारा होता, एवढेच कारण. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो हे एरवी कुणाला पटणार नाही, पण आकाशात ते शक्य असते. उड्डाणाची आखणी करणारे लोक म्हणूनच रोज नकाशा आणि वाऱ्याचा अंदाज शेजारी ठेवून काम करतात. त्यांच्या लेखी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सर्वांत कमी वेळाचा किंवा सर्वांत कमी इंधनाचा, आणि तो कालच्या मार्गाहून आज वेगळा असू शकतो.

इथे एक सर्वत्र पसरलेला गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली लंडन आपणहून पुढे यायला हवे आणि प्रवास लवकर संपायला हवा, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. उडण्याआधीपासूनच पृथ्वीच्या फिरण्याचा वेग विमानाच्या अंगी असतो. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वेळेवर होतो, पण तो आडवळणाने. झोतवारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ते या फिरण्यामुळे, आणि त्यांच्यामुळे पश्चिमेचा प्रवास उलट लांबतो.

लांब पल्ल्यावर वारा महत्त्वाचा, तर जवळच्या पल्ल्यावर जमीन. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. मुंबई सेंट्रलहून राजधानी एक्स्प्रेस १,३८४ किलोमीटर धावते, तिच्यापेक्षा जवळजवळ अडीचशेने कमी. या मार्गावरची लहान जेट विमाने वर स्थिरावल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतात. साधा भागाकार केला तर उत्तर येते एक तास बावीस मिनिटे. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते. मधली पन्नासेक मिनिटे कुठे जातात?

विमान कंपनीचे घड्याळ चाके जमिनीवरून उचलली जातात तेव्हा सुरू होत नाही. विमान उभे असताना त्याच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. ते काढून विमान जागेवरून हलले की वेळ मोजायला सुरुवात होते आणि दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावले की थांबते. या मोजणीला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर असतो तो हाच. दार बंद होते, पोटाखालचा लाल दिवा लुकलुकू लागतो आणि बुटका ट्रॅक्टर नाकाला जोडलेल्या दांड्याने विमान मागे ढकलतो. इंजिने सुरू होतात, ट्रॅक्टर सुटतो आणि कर्मचारी बाजूला उभा राहून हात वर करतो. मग धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास आणि तिथली रांग. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या तासात ही रांग चांगलीच लांबते. उडाल्यावरही विमान लगेच दिल्लीच्या दिशेने निघत नाही. धावपट्टी समुद्राकडे तोंड करून असेल तर आधी समुद्रावर जाऊन मग ठरलेल्या वाटेने वळायचे. अकरा किलोमीटर उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तोवर पूर्ण वेग मिळत नाही. उतरण्याची तयारीही बरीच आधी सुरू होते. दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. त्यानुसार ३६,००० फुटांवरचे विमान दिल्लीच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच खाली झुकू लागते. उतरायला जागा नसेल तर आकाशातच घिरट्या घालत थांबायचे.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक धरून ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत घडलेले उड्डाण वक्तशीर मानण्याची पद्धत आहे, त्यामुळे थोडी जास्त वेळ छापणे सोयीचे ठरते. विमान ‘वीस मिनिटे लवकर’ पोहोचल्याची घोषणा होते, तेव्हा अनेकदा ही शिल्लक मोकळीकच वाचलेली असते. घरबसल्या अंदाज करायचा तर किलोमीटरला ८०० ने भागून त्यात अर्धा तास मिळवावा. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांसाठी आणखी पंधरा-वीस मिनिटे धरावीत. हा अंदाज सहसा फार चुकत नाही.

खुद्द विमानांचा वेग मात्र साठ वर्षांत जवळजवळ वाढलेला नाही. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने आली, त्यांचा वेगही ताशी ९०० किलोमीटरच्या पलीकडे होता. आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागले की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळते, म्हणून आजची विमाने त्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आतबाहेर राहतात. कॉन्कॉर्डने ही मर्यादा ओलांडली आणि न्यूयॉर्क-लंडन अंतर साडेतीन तासांवर आणले, पण २००३ मध्ये ते निवृत्त झाले. नंतर जो वेळ वाचला तो मधले थांबे गेल्यामुळे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा १५,३०० किलोमीटरहून लांबचा पल्ला आता एका दमात, साडेअठरा तासांच्या आसपास पार होतो.

अंतर आणि वेळ यांतला फरक कायद्यातही उतरला आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांत प्रवाशाची भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, लांबच्या पल्ल्यांना ४०० किंवा ६००. हे अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीनेच मोजायचे, असे नियमातच लिहिले आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आधार धरला आहे तो ब्लॉक टाइमचा. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले, तर तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मुंबई-दिल्ली तिकिटावर दोन तासांवर दहा मिनिटे छापली आहेत की दोन तासांना पाच मिनिटे कमी, याला म्हणूनच अर्थ आहे.

उरतो तिकीट वाचण्याचा प्रश्न, आणि लंडनला मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांची गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची पोहोचण्याच्या गावची. जुलैत मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान लंडनला संध्याकाळी ६ वाजता उतरते असे छापले असेल, तर प्रवास पाच तासांचा नसतो. दोन घड्याळांतला साडेचार तासांचा फरक मिळवला की साडेनऊ तास होतात. परतताना तोच फरक वजा करायचा. रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबईत उतरणारे विमान साडेतेरा नव्हे, नऊ तास उडालेले असते. हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो, कारण ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. मुंबईने स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ ही भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत जपली होती. त्यानंतर मुंबईची घड्याळे उन्हाळा-हिवाळा न पाहता वर्षभर ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढेच आहेत.